मुद्दाम विसरलेले शब्द

प्रिय दादा,

'प्रिय' लिहिताना पेन अडलं, खोटं कशाला बोलू? पण तुला दुसरं काही लिहायची सवय नाही, म्हणून राहू दे. तुझा निरोप मिळाला. सोमवारी चौकशी समितीसमोर मी म्हणायचं, की डोक्याला मार बसल्यावरही आपल्या शेंडेफळाला खेळायला सोडलं ते माझ्या चाचणीच्या भरवशावर, आणि ती चाचणीच कच्ची निघाली. वर तुझं म्हणणं, मी प्रयोगशाळेतली बाई, माझं काय बिघडतंय? तू संघाचा प्रशिक्षक, तुझं पोट त्यावर आहे. वा रे वा! इतक्या सहज लिहिलंस, जसं काही बाजारातून येताना साबण आणायला सांगतोयस.

आधी घरचं सांगते. शेंडेफळ बरा आहे असं मी सगळ्यांना सांगते, तुला नाही सांगणार. उजेड सोसत नाही म्हणून त्याच्या खोलीचे पडदे दिवसभर ओढलेले असतात. कप धरला की हात थरथरतो, म्हणून आई चहा अर्धाच भरते, आणि अर्धाच का, हे तोही विचारत नाही. एवढा सहा फुटी गोलकीपर! चेंडूवर झेप घ्यायचा तेव्हा आई डोळे मिटून घ्यायची. आता भिंतीला हात लावत न्हाणीघरापर्यंत जातो. आई तुझी वाट बघते. तू कामात आहेस असं सांगितलंय मी तिला. तुझ्यासाठी बोललेलं हे माझं शेवटचं खोटं.

तू पहिल्यांदा माझ्या प्रयोगशाळेत आला होतास, आठवतं? रबराच्या पातळ पडद्यावर वाढवलेले मज्जातंतूंचे धागे मी तुला दाखवले. हळूहळू ताणलं की ते सोसतात, लांबतातसुद्धा. आपण तिघं पाळण्यातून एवढे वाढलो ते त्यामुळेच, हाडांबरोबर तेही लांबत गेले. मग मी तेवढाच ताण एका झटक्यात दिला. तू सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलास आणि म्हणालास, हात्तिच्या, काहीच तर झालं नाही. धागा अखंड होता, फक्त जरा नागमोडी झाला होता. मी तुला संध्याकाळपर्यंत थांबवून घेतलं. झटक्याने आतल्या बारीक नळ्या मोडलेल्या असतात, त्यातून जाणारा माल जागोजागी तुंबतो, आणि धाग्यावर मण्यांसारख्या गाठी फुगतात. तशा त्या फुगल्या. काही धागे तिथेच तुटले. बाकीच्यांना उसंत मिळाली तर ते सावरतात, पण तेवढ्यात दुसरा झटका बसला तर सावरणारेही जातात, हे मी तुला सांगितलं. तुझा चेहरा उतरला. मला केवढा अभिमान वाटला तेव्हा! म्हटलं, माझा दादा काही पाणी मारून पोरांना पुन्हा मैदानात ढकलणाऱ्यांतला नाही.

म्हणून तर सुट्टीच्या दिवशी मी तुमच्या संघासाठी राबले. हंगामाच्या सुरुवातीला एकेकाला खुर्चीत बसवून दहा शब्द ऐकवायचे, थोड्या वेळाने परत म्हणायला लावायचे, मग एका पायावर उभं करायचं. हे त्याच्या धडधाकट डोक्याचं माप. पुढे डोक्याला लागलं तर पुन्हा तशीच चाचणी, आणि माप उतरलं की खेळ बंद. तू विचारलंस, कुणी पहिल्याच वेळी मुद्दाम चुकलं तर? मी बावळट, खूश झाले. वाटलं, पोरांनी लबाडी करू नये म्हणून विचारतोयस. मी सविस्तर सांगितलं, की चार शब्द गाळले, जरासा तोल घालवला, तर पुढे मार बसला तरी फरक कळणार नाही. तू मान डोलावलीस, मला चहा पाजलास आणि घरी सोडलंस.

शेंडेफळाने त्या पहिल्या चाचणीत सहाच शब्द सांगितले. मला चुटपुट लागली. लहानपणी अख्ख्या गल्लीतल्या गाड्यांचे नंबर पाठ असायचे त्याला. तू म्हणालास, झोप झाली नाही त्याची, आणि तू म्हणालास म्हणून मी गप्प बसले. मग एका सामन्यात समोरच्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. ड्रेसिंग रूममध्ये मी चाचणी घेतली. सहा शब्द, माप तेच. त्या वेळी खरोखरच त्याला तेवढेच आठवत होते, हे मला आता कळतंय. पुढच्या सामन्यात त्याचं डोकं गोलपोस्टवर आदळलं.

परवा त्याच्या खोलीत बसून मी त्याला पुन्हा दहा शब्द ऐकवले. तीन आठवले. माझा चेहरा बघून तो हसला आणि म्हणाला, ताई, घाबरू नकोस गं, मुद्दाम विसरलोय, दादाने शिकवलं होतं तसं. आपण काय बोलून गेलो हे त्याला मागाहून कळलं. मग रडला आणि तुला काही बोलू नकोस म्हणून मला शपथ घातली. दादा, तो खरंच विसरला होता रे! मला धीर यावा म्हणून तुझी लबाडी पांघरत होता. केसाने गळा कापलास माझा. परक्याने केलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. तू माझ्याच तोंडून काढून घेतलंस, आपल्याच भावावर वापरलंस, आणि आता खापर माझ्याच डोक्यावर फोडायला निघालायस. मला तुझा इतका राग आलाय की तुझा आवाजही ऐकवणार नाही, म्हणून फोन करत नाही.

सोमवारी मी काय बोलायचं ते ठरलंय, त्यासाठी हे पत्र नाही. पत्र आहे ते शनिवारच्या सामन्यासाठी. शेंडेफळ म्हणतो, तू हे अख्ख्या संघाला शिकवलंस. म्हणजे मैदानात उतरणाऱ्या एकाचंही माप खरं नाही. सामन्याआधी मी येतेय, सगळ्यांची चाचणी नव्याने घ्यायला. पोरांना तुझ्या तोंडाने सांग, की या वेळी खरं उत्तर द्यायचं. माझं ऐकणार नाहीत. तुझं ऐकतात, म्हणून तर हे सगळं झालं. शेंडेफळही येतोय. मी नको म्हटलं, पण खुर्चीत पहिला आपणच बसणार, असा हट्ट धरून बसलाय. काळा चष्मा लावून येईल. सगळ्यांसमोर मी त्याला दहा शब्द ऐकवीन. आठवतील तेवढे तो म्हणेल, बाकीच्या शब्दांसाठी नुसतेच ओठ हलवत बसेल, आणि मग सवयीने तुझ्याकडे बघेल. तेव्हा पाठ फिरवू नकोस.

अजूनही, काय करू,
तुझीच,
मधली