वर्कशॉपसाठी केवढा हिटर?

अण्णा,

मनालीहून तुमच्या सुयशचा नमस्कार. इथं लई थंडी आहे, पण मी ठणठणीत आहे.

मालकांनी वर्कशॉपसाठी गॅसचा छोटा हिटर आणला. ऊब टिकावी म्हणून आम्ही खिडक्या लावल्या, तर जळक्या गॅसची हवा कोंडून जोडीदार देवराजला चक्कर आली. बाहेर नेल्यावर तो सावरला. काळजी नको.

मग मी लांबी-रुंदीसोबत छताची उंचीही मोजली. "मोठाच लागंल, अन् एक खिडकी कायम उघडी," म्हणालो. मालकांनी ऐकलं.

आईचे गुडघे कसे आहेत?

बजाजनगरच्या तापलेल्या पत्र्याखाली तुम्ही लेथ चालवायचे. "ये, शिकून घे," म्हणायचे, अन् मला पळून जावंसं वाटायचं. आता हिटरपुढं हात धरले की तुमच्याशेजारी उभं राहावंसं वाटतं.

तुमचाच,
सुयश