तिसरं कोटेशन

५ जानेवारी
डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. दोन्ही गुडघ्यांतली गादी झिजलेली. बदलावे लागतील. बायकोचा, सीताचा, उजवा गेला आहे. तिचं माझ्यानंतर बघू.
संकल्प: बुद्ध पौर्णिमेला विहारात स्वतःच्या पायांनी जायचं. तिथली वंदना एकोणीस वर्षं मी घेतो. बारा मेपर्यंत वेळ भरपूर.
घरी येताना जिन्याला पंचवीस मिनिटं. तिसरा मजला, चौपन्न पायऱ्या, लिफ्ट नाही. फ्लॅट घेताना वारा बघितला होता.

८ जानेवारी
घाई नाही. कचेरीत तीस वर्षं खरेदीचं टेबल सांभाळलं. तीन कोटेशन आल्याशिवाय टाचणी घेतली नाही. नवी फाइल उघडली. तुलनात्मक तक्ता आखला. एकीकडे साधी शस्त्रक्रिया, दुसरीकडे रोबोची. खर्च, फायदे, शेरा.

१५ जानेवारी
रत्नागिरीचं कोटेशन आलं. साधी. कोल्हापूरचं आलं. रोबो. जवळजवळ दुप्पट.
कोल्हापूरच्या डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, ऑपरेशन मीच करतो, रोबो फक्त हात रेषेबाहेर जाऊ देत नाही. एरवी जातो का, असं मी विचारलं. ते म्हणाले, मोजमाप जास्त अचूक येतं, पण पंधरा वर्षांनी त्याचा किती फरक पडेल हे आज नक्की सांगता येत नाही.
शेरा: पंधरा वर्षं थांबल्यास चित्र स्पष्ट होईल.
भीती हा मुद्दा नाही.

२ फेब्रुवारी
तिसरं कोटेशन मुंबईचं मागवायचं. मशीन आणखी नवीन. दर्शनाने तिथे चौकशी केली. ती आमची मुलगी, कामाला वाशीत. हॉस्पिटलला उभं राहून काढलेला ताजा एक्स-रे हवा. एक्स-रे खाली निघतो. खाली जायला गुडघा हवा. गुडघ्याला कोटेशन हवं.
फाइलीत तशी नोंद केली.

९ फेब्रुवारी
तळमजल्यावरच्या साबेराभाभी बांगड्याचं सार घेऊन आल्या. गेल्या वर्षी त्यांचा गुडघा इथेच, रत्नागिरीत बदलला, साधा. तीन मजले चढून धापही लागली नव्हती. मी त्यांना तक्ता समजावला. पूर्ण ऐकून घेतला. मग म्हणाल्या, "भाऊ, तो रोबो हा जिना चढल काय?"
सीता गरजेपेक्षा जास्त हसली.

१७ फेब्रुवारी
सीताने फाइलीतून रत्नागिरीचं कोटेशन काढून पर्समध्ये ठेवलं. ते माझ्या नावाचं आहे, म्हटलं. नाव बदलून घेता येतं, म्हणाली.
"तुमची तीन झाली की सांगा. मी एकावर जाते."
साबेराभाभींबरोबर रिक्षाने गेली. आता फाइलीत एकच राहिलं. प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून.

२१ फेब्रुवारी
तिचं ऑपरेशन काल झालं. मी जाऊ शकलो नाही. जिना. फोनवर कसं आहे विचारलं. दुखतंय, म्हणाली. साध्या शस्त्रक्रियेच्या रकान्यात वेदना लिहिल्या. रोबोच्या रकान्यात ती जागा कोरी आहे.

२६ फेब्रुवारी
तिला सोडलं. साबेराभाभींकडे तळमजल्यावर राहणार. डबा वर येतो. खालून दोघींचं बोलणं ऐकू येतं, शब्द कळत नाहीत.
उद्यापासून रोज पाच पायऱ्यांचा सराव.

२७ फेब्रुवारी
दार उघडलं. जिना ओला होता.

१९ मार्च
सीता वर आली. एका हातात काठी, दुसरा कठड्यावर. अकरा मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं. आल्या आल्या म्हणाली, "अहो, तुळस वाळवलीत."

३ मे
विहार कमिटीचा महेंद्र आला. काका, चौघंजण खुर्चीतून खाली नेतो, वंदना तुमचीच, म्हणाला. नको म्हटलं. माणसाला चौघांनी एकदाच उचलावं. मी चालत येणार.
तो म्हणाला, नाहीच जमलं तर काकी घेतील. सीता हो म्हणाली. लगेच.

१२ मे, बुद्ध पौर्णिमा
सकाळी सात. सीता पांढरी साडी नेसून पुढे गेली. आलोच, म्हटलं.
साडेसात. निघालो. बसून, एकेक पायरी.
सव्वाआठ. सत्ताविसाव्या पायरीवर डावा गुडघा अडकला. वर सत्तावीस, खाली सत्तावीस. दोन्ही बाजू तपासल्या. समान.
विहार पलीकडच्या गल्लीत. लाउडस्पीकर सुरू झाला. सीताचा आवाज. त्रिशरणात तिसऱ्यांदा, ततियम्पि म्हणण्याआधी मी श्वास घेतो, तिथेच तिने घेतला. चूक एकही नाही. मी पायरीवर हात जोडून, बाकीच्यांसारखा, तिच्यामागून म्हणत गेलो.
साडेनऊला ती खीर घेऊन आली. शेजारी पायरीवर बसली. गुडघा वाकला. आवाज आला नाही. खीर मी संपवली. मग तिने खाली हाक मारली. महेंद्र आणि तिघे खुर्ची घेऊन आले. मला उचलून खुर्चीत ठेवलं.
"कुठे न्यायचं, काका?"
"खाली न्या," सीता म्हणाली. "रिक्षा थांबवलीय. एक्स-रे चालू आहे आज, मी विचारलंय."
चौघे माझ्याकडे बघत थांबले.
वर, म्हटलं. फाइल वर आहे.