आर्काइव्हमधला दादा

६ जानेवारी, देवास
मेल भरलं. दोन दिवस शाळेचं एकही पत्र पोचत नाहीये. प्रिंसिपल सर स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर, "मैडम, आपका मेल वापस आ रहा है. कबाड़ निकालो उसमें से." हसले सगळे. कबाडच आहे. मंडळाच्या काकांचे रोज माताजींच्या दर्शनाचे फोटो, आरत्या, सुविचार. मी कधी काही पुसलं नाही. आळस, दुसरं काय.

७ जानेवारी
मुक्ताला शेजारी बसवलं. लेक इंदूरहून दोन दिवस आलीय. "आई, तू वर्ड सांग, मी ढूँढते." म्हटलं, 'श्री' घाल, देवाधर्माचा पसारा एका दमात निघेल. निघाला. हजाराच्या वर. सगळे निवडले, डिलीट. कचरापेटीही रिकामी केली, नाहीतर जागा होत नाही म्हणे. हलकं वाटलं.

८ जानेवारी
पोळ्या लाटताना हात थांबला. दादा.

माझा थोरला भाऊ, धारला असतो. मेलच्या विषयात '॥ श्री ॥' लिहितो, आईनं आम्हा दोघांना पोस्टकार्डावर लिहायला शिकवलं तसं. आईच्या तेराव्याला पाहुण्यांदेखत म्हणाला, "कुंदे, वेळेवर दवाखान्यात नेलं असतंस तर आई राहिली असती." तीन वर्षं झाली, बोलणं बंद. त्याचा फोन ब्लॉक. मेल येत राहिले. मुक्ताकडून अशी सोय करून घेतली की त्याचं आलं की मला न दिसता परस्पर आर्काइव्हमध्ये जावं. वाचायचं नाही, टाकायचंही नाही. वाचीन कधीतरी, असं मनात.

मुक्ताला विचारलं, आर्काइव्हमधली आहेत ना?
"अगं, आर्काइव्ह अलग थोडीच असतं! सर्चमध्ये सगळंच येतं."
मी समजत होते, कपाटाचा वरचा कप्पा आहे.

९ जानेवारी
दादाच्या नावानं शोधलं. एकच उरलंय, विषयच नसलेलं. श्री नाही. श्रीशिवाय पत्र आमच्याकडे एकाच तऱ्हेचं असतं, वाईट बातमीचं. उघडायला संध्याकाळ लागली.

"कुंदा, घशाचं निघालं. बावीसला इंदूरला ऑपरेशन. आवाज राहणार नाही. त्याआधी एकदा फोन कर. आजवरच्या पत्रांतून एकच गोष्ट विचारतो आहे, तिचं उत्तर तेव्हा दे. दादा."

मेल डिसेंबरातलं. बावीस तारीख होऊन गेली.
त्याचा नंबर ब्लॉकमधून काढला. आता लावून काय करू?

११ जानेवारी, धार
वहिनी दारात. "वन्सं, आलात." बस. दादा पलंगावर, गळ्याला भोक, त्यावर जाळीचं फडकं. मी रडले, तो नाही. वहिनी म्हणाल्या, "ऑपरेशनला आत नेईपर्यंत विचारत होते, कुंदाचा फोन आला का. मी करते म्हटलं तर नको म्हणाले. तिनं आपणहून केला पाहिजे."

दादानं पाटीवर लिहिलं: पत्रं वाचलीस?
मी मान हलवली, हो म्हणून. त्या तोंडाकडे बघून नाही म्हणवेना.
पुसून लिहिलं: सगळी?
पुन्हा हो.
मग: तर उत्तर?
म्हटलं, लिहून पाठवते दादा, नीट विचार करून. त्यानं माझा हात धरला आणि डोळे मिटले. किती दिवसांनी झोपले, वहिनी म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१३ जानेवारी, देवास
काय विचारलं असेल? माफ केलंस का, असं? की त्या दिवशी नक्की काय झालं, ते? ते मला ठाऊक आहे. आईला दुपारीच नेता आलं असतं. परीक्षेच्या कॉप्या तपासायच्या होत्या, म्हटलं एवढा गठ्ठा संपवते आणि निघू. हे मी कुणालाच...

पत्रं त्याच्या फोनात असतील. वहिनी मिनिटात पाठवतील. मागायची तर मान का हलवली ते सांगावं लागेल.

१५ जानेवारी
वहिनींचा फोन. "वन्सं, दिवसातून दहादा मेल उघडून बघतात हो. जे असेल ते, चार ओळी टाका." आज टाकते म्हटलं.

'दादा, हो' एवढं लिहिलं. खोडून 'नाही' केलं. तेही खोडलं. दोन्हीतलं एक त्याच्या जिव्हारी लागेल, आणि कुठलं ते मला माहीत नाही.