चार गुरुवारांची देवी

मंगळवार, ३ डिसेंबर
मागल्या वर्षीची डायरी निम्मी कोरी होती, तीच वापरते आहे. छापील वार खोडून वर खरा लिहीन.

आज राहात्याजवळच्या या पेरूच्या बागेत सामान उतरलं. यांना बागेवर देखरेखीची नोकरी आणि राहायला मालकांचा जुना बंगला. स्वयंपाकघरात उजेड भरपूर, दारात तुळस, दोन्ही वेळ पाणी. देवानं दिलं म्हणायचं. निकिता तर आल्यापासून झाडांखालून नुसती पळत होती. सहा वर्षांची झाली पोर, पण जीभ अडते. मला हाक मारायची तर "आ-आ-आ" होऊन ओठ थरथरत राहतात. ती हाक पुरी होईपर्यंत मी थांबत नाही, लगेच ओ देते. तेवढेच लेकराचे कष्ट वाचतात.

माळा झाडताना लक्ष्मीचा मोठा फोटो सापडला. कुणी भिंतीकडे तोंड करून ठेवला होता, देव जाणे. कमळात उभी, एक हात आशीर्वादाचा, ओठ घट्ट मिटलेले. फोटोला रंग नाही, पण चेहऱ्यावरून नजर हटत नाही. परवा मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. नवा फोटो आणायचा वाचला.

गुरुवार, ५ डिसेंबर
घट मांडला, मागे फोटो ठेवला, पोथी मोठ्यानं वाचली. माहेरी भजनात मीच पुढे असायची, त्यामुळे घर कसं भरून गेलं.

नव्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, मुलं हसतात म्हणून निकिता डबासुद्धा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून खाते. ते मनातून जाईना. आरती झाल्यावर पदर पसरला आणि बोलून गेले, आई, माझ्या लेकीला बोलती कर, बदल्यात माझ्याजवळचं हवं ते घे.

एकच खटकलं. ही देवी आपल्याकडे बघत नाही. जरा बाजूला बघते, जसं तिकडून कुणी तिला काही सांगतंय.

रविवार, ८ डिसेंबर
घसा बसला आहे. ऊसतोडीच्या धुरळ्यानं असेल. हळद-दूध घेतलं.

गुरुवार, १२ डिसेंबर
घटाला पानं लावत होते, तर मागून निकिता म्हणाली, "आई, पाणी दे." सलग! मी तांब्या तिथंच ठेवून तिला उचललं. हे तर दारात बसून रडले. बागेतल्या बायकांना साखर वाटली.

पोथी वाचताना माझा आवाज मात्र दोनदा गेला. आणि फोटोत देवीचे दात थोडे दिसतात. पहिल्या दिवशी पुसताना ओठ मिटलेले होते ना? घाईत नीट पाहिलं नसेल.

सोमवार, १६ डिसेंबर
बागेत पेरू तोडायला येते ती लंकाबाई आज पहिल्यांदा घरात आली आणि देव्हारा बघून उंबऱ्यातच थबकली. "आवो वैनी, ही कसली देवी? ह्या तर राहीबाई! हा बंगला त्यांचाच हुता."

तिची सासू इथं कामाला होती, तिच्याकडून ऐकलेलं तिनं सांगितलं. राहीबाई मूळची खर्डा गावची. सिनेमात आवाज नव्हता त्या काळातली नटी, पडद्यावरचं नाव मिस चंपा. नेहमी देवीचं काम. लोक पडद्यापुढं नारळ फोडायचे, नवस बोलायचे. पुढं बोलपट आले. कंपनीनं यंत्रापुढं उभं करून बोलायला लावलं, तर ही म्हणाली, "मी येती हाय," आणि सगळी कंपनी पोट धरून हसली. काम त्या दिवशी सुटलं. इथं येऊन तीस वर्षं राहिली, पण कुणाशी एक शब्द नाही. लंकाबाईची सासू बजावायची, तिच्या फोटोला हात जोडू नका, तिला अजून बोलायचंय.

जाता जाता मला म्हणाली, "शिकल्यासवरल्या तुमी, देवी अन् नटी वळखू येईना व्हय?" मी हसले.

मी नवस कुणाला बोलले? फोटो काढावा, तर व्रत अर्धवट. आणि काढला अन् लेकीची जीभ परत अडली तर? राहू दे. दोनच गुरुवार उरलेत.

गुरुवार, १९ डिसेंबर
माझा आवाज फुटेना म्हणून निकितानं पोथी घेतली. पहिलीतलं पोर, जोडाक्षरं येत नाहीत, पण घडाघडा वाचली. भरदार, मोठ्या बाईचा आवाज. मी नुसते ओठ हलवत होते.

संपल्यावर हात आशीर्वादाचा करून रिकाम्या भिंतीकडे बघत म्हणाली, "मी येती हाय. हसा की आता."

यांनी कौतुकानं मोबाईलवर सगळं टिपलं.

रविवार, २२ डिसेंबर
तो व्हिडिओ गावभर झाला. मुंबईच्या टीव्हीवाल्यांचा फोन आला, मुलांच्या कार्यक्रमात घेतो म्हणतात. शुक्रवारी गाडी पाठवणार.

डॉक्टर म्हणाले, घसा स्वच्छ आहे. पण आवाज नाही. एक अक्षर नाही. मी यांना सगळं कागदावर लिहून दिलं. हे म्हणाले, लेकीचं नशीब उघडलंय आणि तुला भुतं दिसतात.

मंगळवार, २४ डिसेंबर
ती मला आई म्हणत नाही. "ए बाई" म्हणते. वेणी घालताना मान काचेसारखी गार लागली. आरशात माझ्याकडे बघत नाही. जरा बाजूला—

एकदा अडखळ गं बाळा. एकदाच.

गुरुवार, २६ डिसेंबर
उद्यापन. लंकाबाई सवाष्ण म्हणून आली. मी खुणेनं सांगितलं, उद्या हा फोटो कालव्यात सोड. तिला कळलं. व्हय म्हणाली.

फोटोकडे बघवत नाही. आज डोळे सरळ माझ्याकडे आहेत. ओठ हलल्यासारखे— निरांजनाची ज्योत हलत असेल.

शुक्रवार, २७ डिसेंबर
गाडी गेली. हे सोबत गेले. तिनं वळून पाहिलं नाही.

लंकाबाई येईल आता. फोटो फडक्यात बांधून—

कोण?

देव्हाऱ्यातून. "आ-आ-आ—"

काचेमागं ओठ थरथरताहेत. असे ओठ एकाच लेकराचे— मग गाडीत कोण गेलं—

लंकाबाई आली. तिनंही ऐकलं. म्हणते, राहीबाई बोलाया लागल्या, वैनी, बिगीनं बुडवू द्या. चौकट तिनं काखेत धरली आहे. मी एका हातानं धरून ठेवली आहे. "ही माझी निकिता आहे" असं लिहून वही तिच्यापुढं केली—

नुसती बघते. तिला अक्षर येत नाही.

ओढते आहे—

"आ-आ—"

ओ, बाळा. ओ. ओ—