लेस बांधायची युक्ती

२ तारीख, सोमवार

पुन्हा तेच! मध्यंतराआधीच दम लागला. शिट्टी फुंकली, खेळ थांबवला, वाकून बुटाची लेस बांधली — सुटलेली नसताना! तेवढ्यात श्वास परत आला. रेफरीला कोण विचारणार? गोलकीपर मात्र बोललाच, "काका, नवे बूट घ्या आता."

महिनाअखेर अंतिम सामना. तो मीच खेळवणार. मग भले काही होवो.

५ तारीख

रात्रीची छातीतली सूं सूं बायकोनं ऐकलीच. "मैदानात वाजवता ते पुरत नाही का?" म्हटलं, वय झालं. ऐकते कसली! धरून दवाखान्यात नेलं. नऊ तारखेला तपासणीला बोलावलंय.

येताना बाईसाहेब नेहमीप्रमाणे पहिल्या मजल्यावर शेजारणीशी गप्पा मारत उभ्या. मी दम लागणारा माणूस, तरी तिच्या आधी वर! बोलायला मिळालं की तिला जगाचं भान नसतं.

९ तारीख

डॉक्टरीणबाईंनी नळीत फुंकायला लावलं. दमा निघाला. या वयात? तो तर पोरांना होतो! "उतारवयातही नव्यानं होतो. लोक वयावर ढकलतात आणि अंगावर काढतात. वयानं माणूस हळू होतो, छाती वाजत नाही."

म्हणाल्या, शरीराची राखण करणाऱ्या पेशी म्हातारपणी खऱ्या जंतूंना उशिरा ओळखतात आणि काहींच्या बाबतीत साध्या धुळीवरही भडकतात. मग श्वासनळ्या सुजतात. म्हणजे म्हातारा रेफरीच की! खरा फाऊल दिसत नाही, नुसता धक्का लागला तरी लाल कार्ड! बाई खूप हसल्या. पंप दिला — रोज घ्यायचा, बरं वाटलं तरी.

आणि सामना? "तपासून सांगते." जीव टांगणीला.

१० तारीख

पंप घेतला. चूळ भरली. बायको पहारा देत उभी!

२४ तारीख

"खेळवा," म्हणाल्या. मला नाचावंसं वाटलं.

२९ तारीख

सामना झाला. शेवटपर्यंत पळालो, लेसला हात नाही! गोलकीपर म्हणाला, "काका, नवे बूट मानवले." बूट जुनेच आहेत, गाढवा.

३० तारीख

बाजारातून येत होतो. शेजारीण गावाला गेलीय, दाराला कुलूप. तरी ही तिथंच थांबली. जिन्याचा कठडा धरून, कुलपाकडे बघत.

"काय गं?"

"काही नाही. वय झालं."

उद्या सकाळीच तिला डॉक्टरीणबाईंकडे नेतो. तेव्हा मात्र तिच्याजवळच थांबलो. पायात चपला होत्या, तरी वाकलो आणि तिचा श्वास परत येईपर्यंत लेस बांधत बसलो.