भुऱ्या बारीक होईना

११ जुलै, सोम.
भुऱ्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. रिक्षावाला घेईना. "एवढं धूड कुत्रं कुठं बसवू मॅडम?" डॉक्टर म्हणाले, मागचे पाय ओढतो ते म्हातारपण नाही, चरबी आहे. दीडपट वजन. असंच चाललं तर पाय जातील. दोन वेळा मोजून वाटीभर, तेल-तूप-बिस्किट बंद, रोज फिरवणं.
घरी येऊन सगळ्यांना बजावलं. वरच्या खोलीतल्या अश्विनीलाही. (उमरीची. मेडिकलच्या क्लाससाठी लातूरला. डबा आपल्याच घरचा.) "हो काकू." मामंजी ऐकून न ऐकल्यासारखे.

१४ जुलै, गुरु.
फज्जा. मामंजी अर्धी भाकरी धोतराच्या सोग्यात घेऊन अंगणात. वर शेंगदाण्याची चटणी, तेल घालून! पकडलं. "मुका जीव हाय. बघून राहिला माझ्याकडं." म्हटलं, तो भिंतीकडंही तसाच बघतो. अबोला. भुऱ्या दोघांच्या मधे आडवा.

१६ जुलै, शनि.
हे नांदेडहून आले. सगळं सांगितलं. "कुत्र्यावरून घरात भांडण नको," म्हणाले आणि बोलता बोलता चहातलं बिस्किट त्याच्यापुढं टाकलं. कुणाला सांगतेय मी!

२५ जुलै, सोम.
आज मामंजींवर आवाज चढला. "पाय गेले तर उचलून नेणार का तुम्ही त्याला?" भुऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत बसले. मग आपणहून बोलले. "भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडात गेलो. कुत्रे जुन्या गावातच राहिले. दार न्हाई, माणूस न्हाई, तरी आपापल्या जागी बसून. जेवणाच्या वेळेला उठून उभे राहायचे. तुकडा टाकायला कोण होतं? मला बघवलं न्हाई. पुन्हा गेलो न्हाई तिकडं."
इतक्या वर्षांत भूकंपाचं कधी काढलं नव्हतं त्यांनी. सासूबाई त्यातच गेल्या, त्यांचंही नाही.
शेवटी म्हटलं, तुमच्याच हातानं घाला, पण मोजून. "हाव," म्हणाले.

९ ऑगस्ट, मंगळ.
मामंजी शब्दाला पक्के. वाटी मोजून, त्यात उकडलेला दुधी, सकाळ-संध्याकाळ दोघं कॅनॉलपर्यंत चालत. तरी आज काटा उलट वरच. डॉक्टर म्हणतात, कुणीतरी घालतंय. येताना रिक्षात मी मामंजींना नको ते बोलले. त्यांनी माहूरच्या देवीची शपथ घेतली. संध्याकाळी जेवले नाहीत.
वैताग. सोडून द्यावं सगळं. होऊ दे त्याचं काय व्हायचं ते.

१० ऑगस्ट, बुध.
चोर सापडला.
दुपारी मागच्या अंगणात कपडे काढायला गेले. जिन्याखाली अश्विनी उकिडवी बसलेली, भुऱ्याचं तोंड डब्यात. पोळ्या, उसळ, वरणभात, सगळं. माझं डोकंच फिरलं. "कितीदा सांगितलं तुला! आम्ही इथं वाट्या मोजून राहिलो आणि तू..." ती उभी राहिली. ड्रेस खांद्यावरून लोंबत होता. मनगट काडीसारखं. रोज समोरून जाते पोरगी, मी बघितलंच नव्हतं.
"कधीपासून?"
"चाचणीत मार्क कमी पडले, खालच्या बॅचला टाकलं ना, तेव्हापासून. घास उतरत न्हाई काकू. भरलेला डबा परत दिला तर तुम्ही आईला फोन करताल."
डबा रोज मीच घासते. चाटूनपुसून लख्ख यायचा. बरं वाटायचं मला, पोरगी नीट जेवते म्हणून.
मामंजींची माफी मागितली. त्यांचं लक्षच नव्हतं. "पोरगी काहीच खात न्हाई?" एवढंच परत परत.

१३ ऑगस्ट, शनि.
डबा बंद. अश्विनी खाली स्वयंपाकघरात जेवते. जेवते कसली, भात चिवडते. मामंजी शेजारी पाट टाकून बसतात, बोलत नाहीत. मी मात्र गप्प बसू शकत नाही, "अजून एक घास" म्हणते, मग ती ताटावरून उठते. रागही येतो, भीतीही वाटते. हे म्हणतात, आधी घरी कळव. तिनं हात धरला माझा. "नका ना काकू. बाबा म्हणतील, पैसा वाया घालवला. परत नेतील."
भुऱ्या दाराबाहेर. आत घेत नाही म्हणून सगळ्यांवर रुसलेला.

२३ ऑगस्ट, मंगळ.
भुऱ्याचं वजन उतरलं, थोडंच. डॉक्टर खूश. मला काहीच वाटलं नाही. अश्विनीनं काल रात्री अर्धी भाकरी खाल्ली होती, आज सकाळी चहासुद्धा नको म्हणाली. उद्या परत चाचणी.
दुपारी उमरीहून तिच्या आईचाच फोन. शेतातून आल्या होत्या, दम लागलेला. "जेवती का हो नीट आमची?" तोंडावर आलेलं "हो" गिळलं. म्हटलं, ह्या रविवारी येऊन जा. तुम्ही एकट्याच या.
का, असं त्यांनी विचारलं नाही. फोनही ठेवला नाही.