एक सुरकुती कमी

ता. ४ फेब्रुवारी

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. म्हणजे मजकूर तुझा, अक्षर आमच्या मेहुण्यांचं. संशयाला सुरुवात तिथेच झाली. लग्न होऊन गेलीस तरी बारा वर्षं आपल्या स्टुडिओतले चेहरे तू घरबसल्या जुन्या सॉफ्टवेअरवर साफ करून पाठवतेस. कधी तक्रार नाही. आता एकदम नवं घ्या म्हणतेस, तेही महिन्याच्या भाड्याने! शिवाय सगळे फोटो आधी इंटरनेटवरून वर त्या कंपनीकडे पाठवायचे. वर म्हणजे कुठे, बघतं कोण, हे विचारलं की विकणारा नुसता हसतो. हसणाऱ्या विक्रेत्याचा मला भरवसा नाही. मेहुण्यांचा कोणी मित्र या धंद्यात आहे का, तेवढं कळव.

लोभ आहेच, खात्री तेवढी हवी.
दादा

ता. ११ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मी कामात असते म्हणून सांगते आणि हे लिहून घेतात. यात कट कसला? यांना कॅमेऱ्याची पुढची बाजू कुठली तेही विचारावं लागतं. (हे वाक्य मी नाइलाजाने लिहीत आहे. – मेहुणा) तू कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यावर जखमेची पट्टी चिकटवली आहेस, हे वहिनीने फोनवर सांगितलं. अरे, तुझा चेहरा बघायला कोण टपलंय?

जुनं सॉफ्टवेअर दर तासाला मान टाकतं. नवं केसन् केस मागच्या पडद्यापासून क्षणात सुटा करतं. महिनाअखेरीस शाळेचे चारशे चेहरे येणार. वीस तारखेपर्यंत हो की नाही ते कळव. नाही म्हणालास, तर माझ्याकडून ते चारशे होणार नाहीत.

रागाव, पण माया पातळ करू नकोस.
छोटी

ता. १७ फेब्रुवारी

छोटीस आशीर्वाद.

काल निवृत्त पोस्टमास्तर स्वतःचा फोटो न्यायला आले आणि हा माझ्या धाकट्या भावाचा दिलात म्हणाले. दुकान उघडल्यापासून आपला नियम आहे: चेहरा कितीही साफ करा, डोळ्याशी एक सुरकुती ठेवा, म्हणजे माणूस स्वतःला ओळखतो. तू त्यात कधी चुकली नाहीस. म्हणून तुझं तीन महिन्यांचं काम काढून भिंग घेऊन बसलो. सत्तरीच्या आजीबाईसुद्धा उकडलेल्या अंड्यासारख्या गुळगुळीत!

म्हणजे नवं सॉफ्टवेअर तू केव्हाच वापरतेस, आणि माझ्याकडून नुसतं ठरवण्याचं नाटक करून घेतेस. एवढी घाई कशाची? दुसऱ्या स्टुडिओचं काम धरलंस काय? मेहुण्यांना बाजूला बसव आणि स्वतःच्या अक्षरात लिही.

दादा

ता. २२ फेब्रुवारी

दादा, नमस्कार.

अक्षर वाकडं आहे, कारण डाव्या हाताने लिहिते आहे. उजवा अंगठा चार महिने झाले, धरत नाही. हातातला कप सुटतो. टॅबलेटचं पेन पाच मिनिटंही धरवत नाही. डॉक्टरांनी पट्टा बांधून बारीक काम बंद करायला सांगितलं. मग मीच गुपचूप नवं सॉफ्टवेअर घेतलं; तू हो म्हणालास तर लपवावं लागणार नाही, म्हणून पत्रातून विचारत होते. ते एका बटणावर चेहरा साफ करतं; सुरकुती ठेवायला मात्र हातच लागतो.

दुसरा स्टुडिओ कुठला धरणार, डोंबलाचा? तुला कळलं असतं तर तू मायेने विश्रांती घे म्हणाला असतास आणि काम दुसऱ्याला दिलं असतंस. त्या मायेचीच भीती वाटली. काम काढून घेऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझी छोटी

ता. २७ फेब्रुवारी

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

नवं सॉफ्टवेअर इथेही घेतलं. वर फोटो कोण बघतं ते विक्रेत्याकडून लेखी घेतलं. तेव्हा त्याचं हसू थांबलं. यापुढे बटण मी दाबीन, बारीक काम मी करीन. चेहरा त्याच माणसाचा राहिला की नाही, ते तू सांगायचं. शाळेच्या चारशेपासूनच सुरुवात. तू हो म्हटल्याशिवाय एकही फोटो दुकानाबाहेर जाणार नाही. माझ्या नजरेला सगळेच संशयित दिसतात, तिथे तुझीच नजर हवी.

मेहुण्यांची मी मनातल्या मनात माफी मागितली आहे. त्यांना सांगू नकोस, शेफारतील.

अंगठ्याचा एक्स-रे काढला असेलच, तो पाठव. दुखणं तू लहानपणापासून निम्मंच सांगतेस. आणि पाठवण्याआधी त्यावर कसलंही एडिटिंग नको.

तुझा,
दादा